पाटी आमची, वाडी त्यांची

दर वर्षी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याच्या टेकडीवर मोतमावलीची यात्रा सुरू होते आणि आठवडाभर माणसांचा पूर लोटतो. कोणी मेणाचा हात वाहतो, कोणी मेणाचा पाय, कोणी मेणाचे इवलेसे घर. त्या मेणावर वाहणाऱ्याचे नाव कोरलेले नसते. मेण वितळून जाते, मागणे तेवढे मावलीपाशी पोहोचते. आम्हांला ही रीत नेहमीच भावत आली आहे. परंतु टेकडी उतरून आम्ही आमच्या देवळांत, शाळांत आणि सभागृहांत शिरतो तेव्हा दुसरेच दृश्य दिसते. येथे दान मेणात नाही, संगमरवरात आहे. आणि मागणाऱ्याचे नाव नाही, देणाऱ्याचे आहे. अलीकडे ही संगमरवरी पाटी वांद्र्याची वेस ओलांडून दूरच्या आदिवासी वाड्यांवर आणि पाड्यांवरही पोहोचली आहे. आज आम्हांला भांडायचे आहे ते या पाटीशी. वाचकांनी रागावू नये; कारण हे भांडण आधी आमचे आमच्याशीच आहे.

वांद्र्यास येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही रायगड जिल्ह्यातील एका मिशन केंद्रात होतो. आपल्याच महाधर्मप्रांताचा तो भाग. जवळच डोंगराच्या पोटाशी एक कातकरवाडी होती. मुंबईतील एका दानशूर कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ 'गोरगरिबांसाठी काहीतरी कायमचे' करण्याची इच्छा आमच्याकडे बोलून दाखविली. 'कायमचे' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे विटा आणि सिमेंटच आले. वाडीला न विचारता आम्ही समाजमंदिराचा नकाशा काढून घेतला. उद्घाटनाला मांडव पडला, ढोल वाजला, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. दारावर पाटी बसली. दिवाळी उलटली आणि त्या मंदिराला कुलूप लागले, कारण वाडीत माणूसच उरला नव्हता. सारी कुटुंबे लेकराबाळांसह वीटभट्टीवर गेली होती. पडवीत शेळ्या बसत होत्या.

पावसाच्या तोंडावर माणसे परतली तेव्हा वाडीतली एक वयस्क बाई आम्हांला म्हणाली, "फादर, घर मोठं बांधलंत. पण पावसाळ्यात आम्ही खायचं काय?" तिने हे रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले.

ज्यांनी रायगड-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात काम केले आहे त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागणार नाही. आषाढ-श्रावणात कातकऱ्याच्या घरी दाणा नसतो आणि मजुरीही नसते. अशा वेळी भट्टीमालकाचा मुकादम येतो आणि उचल देतो. पोटासाठी घेतलेली ही उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सबंध कुटुंब भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि ती वही मजुराला वाचता येत नाही. मुलांची शाळा सुटते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल. हे चक्र सुरू होते ते फार मोठ्या रकमेने नव्हे, तर पावसाळ्यातील दोन-तीन महिन्यांच्या धान्याने. म्हणजे ते थांबवायलाही मोठी रक्कम लागत नाही. वाडीच्या बायकांना हवी होती ती धान्याची कणगी. सर्वांच्या मालकीची, पावसाळ्यात उसने देणारी आणि नंतर सवाईने परत घेणारी. आमच्या समाजमंदिराच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शातही ती भरली असती.

पुढच्या वर्षी ती भरली. कशी, ते सांगितले पाहिजे. मुंबईतील ज्या दात्यांकडे आम्ही गेलो त्यांपैकी बहुतेकांना धान्य म्हणजे 'खाऊन संपणारी वस्तू' वाटली. पाटी कोठे लावणार, असा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण तो हवेत होताच. शेवटी धर्मग्रामातील काही सामान्य कुटुंबांनी उपवासकाळात वाचविलेले पैसे दिले आणि वाडीने आपल्याकडून घरटी दोन पायली नाचणी घातली. हिशेब ठेवायला बायकांनी आपल्यातलीच एक निवडली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने समाजमंदिराच्या भिंतीवर, त्या संगमरवरी पाटीच्या बरोबर खाली, कोळशाने प्रत्येक घराच्या नावाने रेघा ओढल्या. नेले की रेघ, परत आणले की तिच्यावर फुली. पहिल्या वर्षी दोन घरांची फुली राहून गेली. त्यांचे काय करायचे ते बायकांनीच बसून ठरविले. आम्हांला विचारले नाही. त्या दिवाळीनंतर वाडीतली काही कुटुंबे भट्टीवर गेली नाहीत. सगळी थांबली असे आम्ही म्हणणार नाही. पण काही चुली वाडीतच पेटत्या राहिल्या आणि त्या घरांतील मुले शाळेच्या पटावर राहिली.

रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, खेड्यातल्या माणसाच्या हातात पैसा दिला की तो उडवला जातो. द्यायचेच तर वस्तू द्या, इमारत द्या, निदान दिसते तरी." हे वाक्य सुशिक्षित माणसे बोलतात, भली माणसे बोलतात. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांला भाग आहे. दारिद्र्य हा चारित्र्याचा दोष आहे, असे यात गृहीत धरले आहे. शहरातील सहकारी बँका बुडाल्या, नावाजलेल्या कंपन्यांचे हिशेब खोटे निघाले, तेव्हा आम्ही 'शहरी माणसाच्या हाती पैसा देऊ नये' असा सिद्धान्त मांडला नाही. मग वाडीतील एका मद्यप्याच्या गोष्टीवरून सबंध वाडीला अपात्र ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

आणि पुरावा हवा असेल तर तो आमच्याच घरात आहे. वांद्र्याच्या पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलात, नाबार्ड या राष्ट्रीय बँकेचे मुख्यालय आहे. आमच्यातील कितीतरी मुले-मुली रोज त्या परिसरात नोकरीस जातात. महाराष्ट्रातील एका जेझुइट धर्मगुरूंच्या कल्पनेला याच नाबार्डने हात दिला होता, हे त्यांतील किती जणांना ठाऊक आहे? फादर हरमन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. ते १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आपले आयुष्य तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दुष्काळी शेतकऱ्यांमध्ये घालविले. २०२१ साली ते प्रभुघरी गेले. त्यांच्या प्रेरणेने आकाराला आलेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. पैसा जर्मन शासनाचा होता, तो पोहोचविण्याची व्यवस्था नाबार्डची होती. पण काम गावाचे होते.

या कार्यक्रमाची रीत पाहण्यासारखी आहे. गावाने आधी चार दिवस श्रमदान करून आपली इच्छा सिद्ध करायची. मग लहानशा क्षेत्रावर काम करून हात बसवायचा. ते जमले तरच पुढचा मोठा निधी. अकुशल मजुरीच्या खर्चापैकी सुमारे १६ टक्के वाटा गावाने श्रमदानाने उचलायचा. मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद; आणि हे बंधन बाहेरच्या साहेबाने घालायचे नाही, गावाने स्वतःवर घालून घ्यायचे. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती आणि साहाय्य करणारी संस्था या दोघांच्या सहीने बँकेचे खाते चालायचे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी या टँकरवर जगणाऱ्या गावात नव्वदच्या दशकात हे काम झाले. वर्षातून तीन-चार महिने मिळणारे शेतीतील काम नऊ-दहा महिने मिळू लागले, अशी नोंद २००५ च्या जागतिक संसाधन अहवालात आहे. दरेवाडीच्या माणसांनी पैसा उडविला नाही. त्यांनी तो चरांत आणि बांधांत जिरविला आणि त्याचे पाणी झाले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीतील मेंढा-लेखाचे. या लहानशा गोंड गावाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली तिला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपणच विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जे गाव जंगलाचा हिशेब ठेवते, ते आमच्या पंधरा-वीस हजारांचा हिशेब ठेवू शकणार नाही काय?

शासनानेही हे ओळखले, निदान अर्धे. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेतील निधीचा ५ टक्के भाग अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट, अबंध स्वरूपात देण्याची योजना आली. काय करायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. उत्तम. परंतु रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणजे ज्या कातकऱ्यांची गणना शासनानेच विशेष दुर्बल आदिम जमातींत केली आहे, त्यांच्या रायगडमधील वाड्यांना या थेंबातला थेंबही मिळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात अशा जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना जाहीर झाली. तिच्यात घरे आहेत, रस्ते आहेत, नळ आहेत. पण दाखला काढायला तालुक्याला जाण्यासाठी एसटीचे भाडे, सातबाऱ्याचे उतारे, बुडालेल्या दिवसाची मजुरी यांसाठी कोणत्या योजनेत पैसे असतात? आणि कोणता दानशूर एसटीच्या तिकिटांवर आपल्या वडिलांचे नाव कोरून घेतो? लहान अनुदानाची जागा नेमकी येथे आहे. मोठी योजना दारापर्यंत येते. उंबरठा ओलांडायला जे दोन पैसे लागतात, ते कोणीच देत नाही.

आता आमच्या श्रद्धेचे पाहू. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी सामाजिक प्रश्नावरील आपल्या परिपत्रकात एक तत्त्व स्पष्ट केले : लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. सेमिनरीत आम्ही ते घोकून परीक्षेत उतरविले. मिशन केंद्रावर आलो आणि समाजमंदिराचा नकाशा वाडीला न विचारता काढला! १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लॅटिन अमेरिकेतील गरीब शेतकरी व आदिवासी समाजांच्या लहान प्रकल्पांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्याचे निर्णय रोममध्ये नव्हे, तर त्याच भूमीतील धर्माध्यक्षांच्या हाती सोपविले. ख्रिस्तसभेला हा मार्ग नवा नाही. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमविली ती आठवा. ती मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांनी आपल्या ऐपतीबाहेर दिली होती. आणि ती नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनीच निवडलेली माणसे सोबत घेतली होती. देणाऱ्याचा गर्व नको, घेणाऱ्याची मानहानी नको आणि हिशेब मात्र चोख हवा, या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. स्वतः प्रभूनेही रानात पाच हजारांना जेवू घालताना आकाशातून भाकरी पाडल्या नाहीत. जमावापाशी काय आहे ते आधी विचारले. एका मुलाच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. त्यांनी आरंभ झाला. आम्ही मात्र वाडीत जातो ते तिच्यापाशी काय नाही, याची यादी घेऊन.

कोणी म्हणेल, ही कामे मोठ्या संस्थांनी करावीत, आम्ही धर्मग्रामवाल्यांनी त्यात का पडावे? कारण मोठ्या पैशाची वाट अरुंद झाली आहे. २०२० च्या सप्टेंबरात परकीय योगदानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी देणगी ज्या संस्थेने स्वीकारली तिने ती दुसऱ्या संस्थेकडे सोपवू नये असे बंधन आले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कायद्यामागील हेतूची चर्चा येथे करीत नाही. परिणाम एवढाच सांगतो, की मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे आणि तिच्याकडून वाडीकडे झिरपणारा ओढा बंद झाला. देशी कंपन्यांचा पैसा आहे. २०१३ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. पण तो पैसा घेणाऱ्या संस्थेला २०२१ पासून केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते, करसवलतीचे दाखले लागतात, एरवी तीन वर्षांचा अनुभवही लागतो. कणगी राखणाऱ्या बाईने हे कोठून आणावे? ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवा, इंग्रजीत अहवाल द्या, लाभार्थी किती ते लिहा, छायाचित्र जोडा! वाडीचे वर्ष ३१ मार्चला संपत नाही. ते पहिल्या पावसाला सुरू होते.

उरतो तो आमचा पैसा. आमच्या उपवासकाळाच्या डब्यातला, लग्नाच्या ताटातला, सणाच्या रोषणाईतला. तो परदेशी नाही. तो येथेच मिळविलेला आहे आणि त्याचा हिशेब आमच्या देवळांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे तसाही द्यावाच लागतो. परदेशातील बंधुजनांनी उपवास करून आमच्या मिशन केंद्रांना पैसे पाठवावेत आणि आम्ही त्या पैशांवर पाट्या लावाव्यात, हा काळ सरला. तो सरला याचे आम्हांला फारसे दुःखही नाही. आपल्या शेजाऱ्याचे ऋण आपणच फेडावे.

आमच्या म्हणण्याला मर्यादा आहेत, त्या लपविणार नाही. लहान अनुदान हा जादूचा मंत्र नव्हे. गावात गट असतात, दांडगे असतात. 'समाज' या नावाखाली चार पुढारी सारे गिळतात. चराई बंद झाली की पहिला फटका शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला बसतो. पाणी वाढले की लाभ आधी जमीनवाल्याला होतो. म्हणून ग्रामसभा म्हणताना तीत बाया आणि भूमिहीन बसले आहेत की नाहीत, हे पाहावेच लागते. शिवाय रस्ता, दवाखाना, शाळा हे शासनाचे कर्तव्य आहे. आमच्या चार पैशांनी त्याला सुटका देता कामा नये. उलट ते पैसे वाडीला शासनाच्या दारात उभे राहण्याचे बळ देण्यासाठी असावेत. काही प्रयत्न फसतीलही. इमारत फसली की तिला कुलूप लावून आपण गप्प बसतो. मग कणगी फसली तरच एवढा गहजब का?

तर आमचे मागणे असे. वांद्र्यातील प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या सणाच्या खर्चातून आणि उपवासकाळाच्या दानातून ठराविक वाटा काढून लहान अनुदानांची एक पेटी वेगळी ठेवावी. वाडीने मागावे, आम्ही सुचवू नये. मागणी मराठीत, एका पानावर असावी; लिहिता येत नसेल तर तोंडी असावी आणि ऐकणाऱ्याने लिहून घ्यावी. वाडीचा वाटा हवाच, मग तो श्रमाचा असो वा दोन पायली नाचणीचा. पहिली रक्कम लहान असावी. ती निभावली तर दुसरी. हिशेब आधी वाडीपुढे वाचला जावा, नंतर आमच्यापुढे. धर्मग्रामातून कोणी भेटीस गेलेच तर पाहुणा म्हणून जावे, तपासनीस म्हणून नव्हे, आणि वाडीत जे शिजेल ते जेवावे. आणि शेवटची अट : पाटी नाही. ज्याला नाव हवेच आहे त्याने ते मिस्सेच्या प्रार्थनेत घ्यावे. तेथे ते संगमरवरापेक्षा अधिक काळ टिकेल, असा आमचा विश्वास आहे.

विधवेने दोन टोल्या टाकल्या तेव्हा तिच्या नावाची नोंद कोणी ठेवली नाही. तिचे नाव आजही आम्हांला ठाऊक नाही. दान मात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे.

बदली होऊन निघण्यापूर्वी आम्ही त्या वाडीत एकदा गेलो होतो. समाजमंदिराचे कुलूप काढलेले होते. आत कणगी होती, पोती होती, एका कोपऱ्यात मुले पाढे म्हणत बसली होती. भिंतीला चुना देण्याचे ठरले होते आणि पाटी पुसून काढावी का, असे आम्ही विचारले. ती वयस्क बाई म्हणाली, "राहू द्या फादर, तिच्याखाली आमचा हिशेब आहे." चुना देताना त्यांनी कोळशाच्या रेघांभोवतीची जागा मोकळी सोडली होती.